उसनी शेळी

ताक्कोनं दावं माझ्या हातात दिलं
तेव्हा साक्षीला एक आंधळा म्हातारा होता
आणि कोलाच्या दोन बिया, अर्ध्या अर्ध्या चावलेल्या.
तीन वेतं तुझी, म्हणाली. मग आई माझी मला.
कागद नाही, अंगठा नाही.
माराडीकडची तांबूस शेळी, उजव्या कानाला खाच,
आणि शेपूट जगात सगळीकडे असतं तेच:
ना माशा हाकलायच्या कामाचं, ना लाज झाकायच्या.

ती फुलानी, पावसामागे चालणारी.
मी हौसा, एका तुकड्याला खिळलेली.
नवरा तेव्हा लिबियाच्या वाटेवर होता;
फोन यायचे, पैसे यायचे नाहीत.
बाजरी कमरेला लागायची, कणीस मात्र बोटाएवढं,
आणि वाळू अशी की सांडलेलं पाणी
वाकून बघेपर्यंत कुठल्या कुठे.

पहिल्या दिवशी शेळीनं चटई खाल्ली.
दुसऱ्या दिवशी झुएराची भेंडी, मुळापर्यंत.
झुएरा सात महिने बोलली नाही.

मग मी तिला रात्री शेतातच बांधू लागले.
सुगी उरकली की धसकटांत खुंटी ठोकायची,
रोज चार पावलं पुढे.
सासू म्हणायची, शेळीनं शेत मोजतेस की काय?
मोजतच होते. लेंड्या, मूत, चघळून टाकलेली काडी,
एका रात्रीला एका चटईएवढी जागा.
पुढच्या पावसात बाजरीनं त्यातली एकूण एक चटई ओळखली;
तिथं तिथं काळपट हिरवी, गर्दी करून उभी.

आमच्या शेतात एक गावो आहे.
उफराट्या डोक्याचं झाड:
पाऊस आला की पानं टाकतं,
बाजरीला ऊन मोकळं करून देतं,
आणि सगळं रान करपलं की आपण हिरवं.
शेंगा नारिंगी, वाळक्या कानासारख्या वळलेल्या.
एक शेंग पडल्याचा आवाज शेळीला झोपेतही ऐकू येतो.
बी तिच्या दातांना दाद देत नाही,
पोटातून मात्र नरमून येतं.

खुंटी जिथं जिथं होती तिथं
दुसऱ्या वर्षी इवली काटेरी रोपं.
सासूनं फावडं उचललं. मी मधे उभी राहिले.
राहू दे, म्हटलं, घरचीच आहेत.
लाल चिंध्या बांधल्या, निंदणाऱ्या पोरांना दिसाव्यात म्हणून,
आणि एकेकाला बोरीच्या फांद्यांचं कुंपण,
कारण जिनं पेरलं
तिच्याच तोंडापासून राखायचं होतं.

पहिल्या वेताला दोन बोकडं. बकरी ईदच्या बाजारात गेली,
त्यावर भुकेचे तीन महिने निघाले.
दुसऱ्याला पाठ. ती ठेवली.
तिसऱ्याला तीन; एक जन्मतःच गार.
ते गावोखाली पुरलं.

मग निघाले, दीड दिवसाची चाल.
वाटभर हिशेब: ताक्कोच्या दारी चाळीस गाई,
तिला एका म्हाताऱ्या शेळीचं काय कौतुक.
शेळी मागे वळून वळून ओरडत होती,
त्यानं हिशेब अजूनच सोपा होत होता.

पोचले तर तळावर गुरांचा आवाज नव्हता.
त्यांच्याकडचे दोन पावसाळे चुकले होते.
ताक्कोनं कानाची खाच चाचपली, दात पाहिले,
बोटं दुमडली: ही चौथी परत आली.
अजून तीन बाहेर आहेत.
कळप एका रानात ठेवू नये, म्हणाली,
रान रुसलं तर कुणाच्या पाया पडायचं?
इतकी वर्षं मी ज्याला दान म्हणत होते
ती तिची तिजोरी होती,
गावोगाव दाव्याला बांधलेली.

दावं तिनं मलाच ठेवायला सांगितलं.
घरी आले, अंधार पडत होता.
सवयीनं खुंटी उपटली, चार पावलं पुढे ठोकली.
जरा वेळानं पाठ आपणहून आली
आणि खुंटीशी टेकली.

काल झुएरा आली.
दारातच उभी, मुठीत कोलाच्या दोन बिया.
भेंडीचा विषय तिनं काढला नाही.
मी पाठीच्या उजव्या कानाकडे पाहिलं.
कान अजून कोरा होता.
सुरी शोधायला उठले.