चिठ्ठी अ, चिठ्ठी ब

चहापत्तीच्या डब्यात चिठ्ठ्या चाळीस,
वीस अ, वीस ब.
कौतिका घनसावंतांना अ निघाली:
भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची,
मग पाय मांडीवर घेऊन
बोटं मागं ओढायची, दहा मोजेपर्यंत,
अंथरुणातून उठायच्या आधी.

रौशनबी मण्यार, ब:
टाचेला गार जेल, वर मशीनचं डोकं
गोल गोल, आठ मिनिटं.
आवाज नाही, ऊब नाही.
"चालू हाय का हे?" दर खेपेला विचारायच्या.

मी दोघींना विचारायचे एकच,
शून्य ते दहा, किती दुखतं?

"नळ आल्यावर का नळ नसताना?"
कौतिकाबाईंच्या गल्लीत, जुन्या जालन्यात,
पाणी नवव्या दिवशी, पहाटे साडेचारला.
अंथरुणातून थेट हंड्याकडं,
पहिल्याच पावलाला टाचेत दाभण.
चार खेपांनी दाभणाची सुई होते,
शाळेची खिचडी शिजेस्तोवर उभं राहिलं
की सुईचं परत दाभण.
मी लिहिलं: आठ.

रौशनबी म्हणाल्या, "सहा गावं फिरले तर सहा.
बांगड्या खपल्या तर एक कमी लिव्हा."
मी लिहिलं: सात.

तिसऱ्या आठवड्यात रौशनबी दोनवर आल्या.
मशीनवर माझा जीव बसला.
त्या रात्री आलेखाला मी रंगसुद्धा दिले.

मग सोमवारी पाण्याची बाटली भरायला बाहेर गेले,
तर व्हरांड्याच्या बाकड्यावर दोघी,
चपला खाली, पाय वर.
रौशनबी बोटं मागं ओढतायत,
कौतिकाबाई मोजतायत, सात, आठ,
"सोडू नगं माय, नऊ."
मग पाळी बदलली.
बांगडी चढवताना तळव्याचं हाड
ज्या अंगठ्यानं मऊ करून घेतात
तोच अंगठा कौतिकाबाईंच्या टाचेत,
कुठं दाबायचं ते न विचारता.

सरांनी दोन्ही नावांवर रेघ मारली.
उरले एकोणीस आणि एकोणीस,
फरक सांगण्याजोगा नाही.
वगळण्याच्या कारणाला रकाना बोटभर होता.
मी लिहिलं: नियम मोडला.

तरी शेवटच्या तपासणीला दोघी आल्या,
एकाच रिक्षातून.
पेन हातात होतं, सवयीनं विचारलं,
किती दुखतं आता?

कौतिकाबाईंनी टाच फरशीवर टेकवली,
उचलली, परत टेकवली.
"परवा नळ येणारंय," म्हणाल्या,
"तवा सांगते."