माया

बेल्मीरोच्या मापांचं पान माझ्या वहीत तीस वर्षं आहे.
लग्नाचा कोट, बापाला पुरलं तेव्हाचा काळा कोट,
पोट सुटत गेलं तशी खोडून खोडून लिहिलेली कंबर.
व्हियानाच्या गोदीत क्रेन चालवतो तो.
मांड्या मात्र कायम जोडीनं:
अठ्ठावन्न, अठ्ठावन्न.

यंदा मुलीच्या लग्नाची पँट शिवायला आला.
उजवी अठ्ठावन्न.
डावी साडेबासष्ट.
टेप पुन्हा फिरवली. टेप खोटं बोलत नाही,
बोलला तर शिंपी बोलतो.

"नाताळात शिडीवरून घसरलो होतो," तो म्हणाला,
"तेव्हाचीच सूज. दुखत नाही रे, आदेरीतो."
दुखत नाही. आठ महिने एवढ्या एका शब्दावर काढले त्यानं.
दुखतं ते माणूस चारचौघांत दाखवतं,
न दुखणारं पँटीत घालून हिंडवतं.

मी अंगठा टेकवला.
अस्तरात खडू राहिला की बटण, मला वरून कळतं.
हे खोल होतं, लिंबाहून मोठं,
आणि बोटाखालून सरकत नव्हतं.

त्याच्या मेहुण्याच्या ओळखीतला एक जण म्हणाला,
चरबीची गाठ, वीस मिनिटांत काढून टाकतो.
शुक्रवारची वेळही ठरली.
गुरुवारी मी दुकानाला कुलूप लावून
त्याला आरोग्य केंद्रात नेलं.
डॉक्टर इडालीना, माझ्या धाकटीच्या वयाची.
केवढी, किती खोल, वाढतेय का, विचारलं,
आणि फोन उचलत म्हणाली:
एमआरआय होईपर्यंत
हिला कुणी सुरी लावायची नाही.

पोर्तोत सुई टोचली तीसुद्धा जागा आखून,
कारण सुईची वाटही पुढे कापून काढावी लागते.
दोन आठवड्यांनी नाव आलं. सार्कोमा.
स्नायू, चरबी, नसा, हाडांना धरून ठेवणारं
जे मऊ शिवणकाम आहे, त्यातच उगवणारा.

"मी काय केलं?" त्यानं विचारलं.
पूर्वी कधी किरणोपचार? नाही.
घरात कुणाला तरुणपणी कर्करोग? नाही.
रसायनं? आजोबांच्या द्राक्षमळ्यात
तणनाशकाची बादली धरायचो, लहानपणी, थोडे दिवस.
त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या,
बहुतेकांना कारण सापडतच नाही.
दोष द्यायला कुणीच नाही
याचा त्याला आजाराहून जास्त राग आला.

पाच आठवडे किरणं. कातडी भाजल्यासारखी लाल.
मग सर्जननं कागदावर मांडी काढली,
मांडीत गाठ, गाठीभोवती आणखी एक रेघ.
"एवढं चांगलं मांसही जाणार. पाय राहील."
बेल्मीरो माझ्याकडे वळला. चांगलं कशाला कापायचं?

मला ती रेघ ओळखीची होती.
शिवणीच्या आत आम्ही दोन बोटं कापड जास्त सोडतो,
माया म्हणतो तिला.
आमची माया आत राहते,
उद्या माणूस सुटला तर उसवून द्यायला.
त्यांना ती गाठीसोबत उचलावी लागते,
चारी बाजूंनी. काठाला एक धागा राहिला
तर तिथूनच पुन्हा.

हे मी त्याला सांगितलं. नीट सांगता आलं नाही.
तो म्हणाला, म्हणजे माझीच माया देऊन तिला घालवायची?
आणि हसला, त्या खोलीत एकटाच.

लग्नात तो नाचला नाही. कुबडी खुर्चीला टेकवून
त्यानं टाळ्या मात्र चुकीच्या तालात वाजवल्या, नेहमीसारख्या.
डावीकडून पँट मी आत घेतली होती,
बाहेरून कुणालाही कळलं नाही.
तीन सेंटिमीटर माया सोडलीय.
थोडं भरून येईल, व्यायाम घेणारी बाई म्हणते.

आता दर तीन महिन्यांनी छातीचा सीटी स्कॅन.
हा निघालाच तर फुप्फुसाकडे जातो म्हणे.
त्या सकाळी तो दुकानावरून जातो, आत बघत नाही.
मीही मशीन चालूच ठेवतो.

वहीत उजवी पेनानं लिहिली आहे.
डावी चोपन्न,
पेन्सिलीनं.