ताशी चार मैल

रॉक्समच्या बोटयार्डात क्लाइव्ह गॅरड नावाच्या गृहस्थानं
सात दिवसांसाठी एक बोट आमच्या हवाली केली:
दोन अरुंद खाटा, एक शेगडी, एक सुकाणू
आणि अकरा पानांचा फॉर्म,
काय मोडलं तर किती कापणार, सगळं सविस्तर.
"पोहता येतं?" त्यानं विचारलं.
मी म्हटलं, मला येतं. ह्यांना बस चालवता येते.

एकतीस वर्षं, लेस्टरमध्ये, एकच रूट.
थांब्यावर दोन मिनिटं उशीर झाला तर
रात्री पानावर बसल्यावर मलाच सॉरी म्हणायचे.

"आणि ब्रेक?" ह्यांनी विचारलं.
क्लाइव्ह हसला. "पाण्याला कुठला ब्रेक, मिस्टर पाँकशी?
उलटा गिअर टाका, आणि जरा आधी विचार करा."
पोंक्षे, मी म्हटलं. त्यानं मान डोलावली
आणि पुन्हा पाँकशीच म्हणाला.

ब्यूर नदीत पहिला अख्खा दिवस
ह्यांचा उजवा पाय काहीतरी चाचपत होता
रिकाम्या फळीवर,
अंधारात चप्पल शोधावी तसा.
समोरून बोट आली की हात करायचे,
सुकाणूवरची मूठ न सोडता, नुसती दोन बोटं उचलून,
समोरच्या बसला करायचे तसा.
काठावरचं एक म्हातारं कुत्रं
आम्हाला मागे टाकून गेलं. त्यानं वळूनही पाहिलं नाही.

दोन्ही तीरांना बोरूचं बन, मैल न् मैल.
एवढा बोरू शाळेत असताना मिळाला असता
तर माझं अक्षर कदाचित सुधारलं असतं.
संध्याकाळी एक हंस आला, चोचीनं बोट ठोकली,
टक टक, वसुलीला आल्यासारखा.
चिवडा दिला. शेंगदाणे वेचून खाल्ले,
पोहे सोडले.

ह्यांनी घरूनच वहीत टाइमटेबल लिहून आणलेलं.
नऊ चाळीस रॅनवर्थ. अकरा पंचवीस थर्नचं तोंड.
एक वाजता पॉटर हायमचा पूल.

एकला पाच कमी असताना पोचलो.
ह्यांचा चेहरा, काय सांगू, पगार झाल्यासारखा.
पूल जुना, कित्येक शतकांचा, कमान एवढी बुटकी
की वाकून नमस्कार केल्याशिवाय पलीकडे जाता येऊ नये.
बोट पलीकडे न्यायला पायलट लागतो, तो म्हणजे
विशीतली एक मुलगी, हातात अर्धं सफरचंद.
तिनं भिंतीवरच्या आकड्यांकडे पाहिलं, घास गिळला:
"चार इंच पाणी जास्त आहे. आज नाही."
"मग किती वाजता?"
"वाजता असं काही नाही. वाऱ्यानं समुद्र आत अडवून धरलाय.
उद्या बघू. परवाही होईल कदाचित."

हे घड्याळ पाहत उभे राहिले.
मग सवयीनं मागे वळले, माफी मागायला,
तर मागे प्रवासी म्हणून
मी एकटी, मटार सोलत.

तेव्हा सांगितलं. इतक्या वर्षांत सांगायचं राहूनच गेलेलं:
आंजर्ल्याच्या खाडीवर आम्ही तरीची वाट बघायचो,
डोक्यावर टोपल्या, काखेत पोरं,
एकदा तर एक नवरदेव, मुंडावळ्यांसकट.
तर उशिरा आली असं कधी कुणी म्हणालं नाही.
पाणी नाही, म्हणायचे, आणि सावलीला बसायचे.
भरती आली की सगळे उठायचे.
लग्न लागलं की नाही? ह्यांनी विचारलं.
लागलं. मुहूर्ताला कळवलं नव्हतं कुणी.

मग दोर खुंट्यांना बांधले, चहा टाकला.
पुलावरून गाड्या जात होत्या, वेळेवर असाव्यात.
ह्यांनी वही उघडली,
एक वाजताच्या पुढे, रकान्यात नीट मावेल असं,
लिहिलं: पाणी नाही.

टेबलाखाली पाहिलं मी.
उजवा पाय डाव्यावर टाकलेला होता,
बोटं हलत होती थोडी.