टिंब

खिशात चुंबक घालून या गेटवर मी पहिल्यांदा उभी राहिले
तेव्हा वाळूजच्या रस्त्यावर निम्मे प्लॉट रिकामे होते.
गफूरमामांनी शिकवलं होतं :
चिकटला तर गाडी परत,
नाही चिकटला तर माल खरा.
संध्याकाळी रांजणगाव शेणपुंजीच्या रिक्षात
मला हसू यायचं एकटीलाच.
जगात एक तरी वस्तू आहे
जी बिलगत नाही
म्हणून तिला चांगली म्हणतात.

मग दोनशे दोन नंबर आला.
तोही चुंबकाला दाद देईना.
आतलं निकेल काढून मँगनीज भरलेलं,
चकाकी तीच, वजन तेच,
भाव ऐकून गंगवालसाहेब खुर्चीतून उठले.
तेव्हापासून चुंबक कपाटाच्या दारावर
चलनं धरून बसलाय.

मामा मात्र दिवा बंद करायला सांगायचे,
तुकडा ग्राइंडरला लावायचे.
ठिणगी आखूड, तांबूस, मुकी –
"तीनशे चार. लिही."
लांब, पांढुरकी, फुलं फोडत जाणारी –
"ही लई बोलती. हिला घेऊ नको."
बफिंगच्या काळ्या धुळीत फक्त डोळे दिसायचे त्यांचे,
आणि प्रत्येक टाकीत
खाली वाकलेले दुसरे गफूरमामा,
स्वच्छ.

नंतर बाटली आली, लाल टोपणाची.
एक थेंब, नऊ व्होल्टची बॅटरी,
लाल झाला तर खोटा.
माणसाच्या डोळ्यापेक्षा स्वस्त पडते, साहेब म्हणाले.

त्या वर्षी न्हावाशेवाहून ट्रेलर आला.
कॉइलवरच्या लेबलावर सुलावेसी.
मी फोनवर नकाशा मोठा करून बघितलं,
समुद्रात कुणी हात-पाय पसरून झोपावं तसं बेट.
तिथे डोंगरच निकेलचा आहे म्हणे,
खणायचा, शेजारीच वितळवायचा, गुंडाळायचा, बोटीत घालायचा.
थेंब टाकला. लाल झाला नाही.
दुसऱ्या टोकाला टाकला. नाही.
मामांनी ठिणगी पाडली आणि बराच वेळ बोलले नाहीत.
"चोख आहे," म्हणाले,
जसं कुणी गेल्याचं सांगावं.
खोट निघाली असती तर भांडता आलं असतं.

आता रोज सकाळी चहाच्या आधी
लंडनचा निकेलचा भाव बघते.
तिथे काय झालं ते कळत नाही,
इथे कोणाची पाळी बंद होणार ते कळतं.
बिअर कंपनीच्या चौदा टाक्या
आम्ही पत्रा कापायला घेणार होतो.
तयार टाक्या बोटीने येतायत, वेल्डिंगसकट,
आतून इतक्या गुळगुळीत की
मामा फोटोतल्या टाकीवरून अंगठा फिरवत राहिले.

रात्रपाळी गेली. मग बफिंगची सहा चाकं.

निरोपाला पेढे होते, शाल होती,
आणि स्टीलचा पेला, टिंबाटिंबांनी कोरलेला :
शेख गफूर, पचवीस वर्षे.
अनुस्वार द्यायचा राहिला होता.
कोरणाऱ्याने घाई केली असेल, किंवा आम्ही.

सगळे गेल्यावर मामा स्टोअरमध्ये आले.
पेला टेबलावर ठेवला.
"बघ की जरा."
मी म्हटलं, मामा, राहू द्या.
"अगं, आयुष्यभर दुसऱ्याचं बघितलं."

मी टोपण उघडलं. हात हलला.
थेंब 'प'च्या डोक्यावर पडला.
बॅटरी टेकवली,
एक, दोन, तीन,
आणि तो लाल झाला,
बरोबर जिथे टिंब हवं होतं तिथे.

मामा इतके हसले
की बाहेरचा वॉचमन डोकावला.
"आता शब्द बरोबर झाला," म्हणाले,
"पुसू नको."

मी पुसला. ओल्या फडक्याने, दोनदा.
टाचणीच्या डोक्याएवढा डाग राहिला.
त्यांनी पेला शालीत गुंडाळला,
सायकलच्या हँडलला अडकवला.
गेटबाहेर वळेपर्यंत
तो घंटेवर वाजत होता,
खोट्या स्टीलला नसावा
इतका खणखणीत.