वारा असेल त्या दिवशी

पुन्ता आरेनासमध्ये वारा पिसाळला
की नगरपालिकेची माणसं चौकात दोर बांधतात,
खांबापासून खांबापर्यंत, कमरेच्या उंचीवर.
कुणी वाऱ्याला विचारत नाही, बाबा रे, असं का करतोस.
कुणी म्हणत नाही, आईनं याला वळण लावलं नाही.
दोर धरायचा
आणि रस्ता ओलांडायचा.

मी खेकड्यांच्या कारखान्यात आहे.
दिवसाला चारशे तंगड्या फोडते.
आतलं मांस सबंध निघालं पाहिजे,
तुटलं तर पगारातून जातं.
म्हणजे हात हलका आहे माझा.
फक्त तो संध्याकाळी सातपर्यंत पुरत नाही.

इवो नऊ वर्षांचा.
मंगळवारी शाळेतून फोन: खुर्ची फेकली.
बुधवारी: एका मुलाच्या मनगटाला चावला.
गुरुवारी फोन आला नाही
तर दिवसभर खिसाच चाचपत राहिले.
बाई म्हणतात, घरी जरा समजावून सांगत जा, यास्ना.
घरी. जरा.
हे दोन शब्द बसमध्ये चघळत आले,
गिळवले नाहीत, थुंकवलेही नाहीत.

उन्हाळ्यात इथे रात्री दहालाही उजेड असतो.
खिडकीवर घोंगडी ठोकली आहे खिळ्यांनी,
तरी कडेनं उजेडाची एक रेघ आत येते
आणि तो त्या रेघेशी भांडतो.
म्हणजे आधी उशी, मग दिवा, मग मी.

माझा भाऊ म्हणाला, दोन ठेवून दे.
एकदा दिल्या.
रडला नाही. माझ्या हाताकडे बघत राहिला,
हा कुणाचा, हे आठवत असल्यासारखा.
तेव्हापासून कानाला खडा.
खडा टोचतो, पण आहे.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.
कधीकधी मी न्हाणीघरात जाऊन कडी लावते,
नळ सोडते, टबाच्या काठावर बसते
आणि डब्यात उरलेला पाव खाते, कोरडाच.
तो बाहेरून दाराला लाथा घालतो.
मी लाथा मोजते.
चाळिसाच्या पुढे दोन लाथांमधलं अंतर वाढत जातं
(हे डॉक्टरनं नाही, दारानं शिकवलं).
मग तो दाराला पाठ लावून खाली बसतो,
मी आतून पाठ लावून बसते,
मध्ये बोटभर जाडीची फळी.
सबंध दिवसात आम्ही एवढे जवळ दुसरीकडे कुठे बसत नाही.
नळ वाहत राहतो. बिल येतं.

खालच्या मजल्यावर ओतिलिया राहते, चिलोए बेटावरची,
वरच्या दातांची एकच जोडी उरलेली.
तिनं आजवर एकही सल्ला दिलेला नाही.
एवढंच म्हणाली, शनिवारी दोन तास खाली पाठव.
ती जुने स्वेटर उसवून लोकर गुंडाळते.
उसवायचं काम तिनं त्याला दिलं.
पहिल्या शनिवारी तीन स्वेटर.
चौथा तिच्या अंगावरचा होता, तोही मागत होता.
ती हसली म्हणे, आणि खरंच काढून दिला.

त्या दोन तासांत काय काय करीन असं वाटलं होतं.
मी किनाऱ्यावर जाऊन बसले.
मोडक्या धक्क्याच्या खांबांवर
पाणकावळे दाटीवाटीनं उभे होते,
एकमेकांना टोचत, ढकलत,
आणि तरी कुणी उडून जात नव्हतं.
मला त्यांचा राग आला. मग झोप आली.

काल पुन्हा दोर बांधले होते.
इवो माझा हात धरत नाही, कधीच नाही.
दोर धरला.
मी मागे, चार पावलांवर, तोच दोर धरून.
त्यानं खेचलं की माझ्या तळव्याला कळत होतं.
मधोमध तो मान वळवून ओरडला,
आई, हा माझ्याहून वाईट आहे का?
वाऱ्यात ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.
पलीकडे पोचून उत्तर जुळवत होते, तोवर
तो एका कुत्र्यामागे धावला होता.

रात्री त्यानं ताट फेकलं.
प्लॅस्टिकचं होतं.
आम्ही आता प्लॅस्टिकचीच घेतो.