दहा ओहम

तोरोरोच्या खडकामागून ढग चढतात
तेव्हा अपोलोट खिडकी लावत नाही.
तिच्या स्क्रीनवर दुसरीच एक वीज पडते आहे
सकाळपासून एकशे बारा वेळा:
सव्वा मायक्रोसेकंदात शिखरावर,
पन्नासाव्याला उतरून निम्म्यावर.
पापणी लवते तेवढ्यात अशा हजारो मावतील.

ट्रान्सफॉर्मर तिला अकरावीपासून ठाऊक:
तांबं, लोखंड, तेल, पन्नास हर्ट्झची घुरघुर.
पण विजेला ही ओळख चालत नाही.
तिला तांब्याचे वेढे दिसतच नाहीत,
दिसतो फक्त वेढ्या-वेढ्यातला कागद,
वेढे आणि टाकी यांच्यातलं तेल,
आणि धारितांची लांबलचक शिडी.
शेवटचे वेढे अजून झोपेत असतात,
पहिल्या चार-पाचांवरच सगळं कोसळतं.
दारात उभा असेल त्याच्याच कानाखाली बसते,
तसं.

डेपोच्या आवारात, शेळ्यांच्या मध्ये,
एका जळक्या पन्नास केव्हीएला वायरी लावून
ती तीन आठवडे बसली होती,
वीस हर्ट्झपासून वीस लाखांपर्यंत
त्याला एकेक सूर विचारत.
लाइनमन ओबोथ शिडी टेकवून म्हणाला,
मेलेल्याची नाडी कशाला बघतेस?
ती म्हणाली, एक फेज अजून धड आहे.

मॉडेल जमलं. वक्रावर वक्र बसला.
मॉडेल म्हणालं: अरेस्टर आहे,
तीस टक्के राखीव आहे,
आमोनीचा ट्रान्सफॉर्मर जळणार नाही.

आमोनीचे दोन हंगामांत चार जळले.

तिने अरेस्टरची तार लांबवून पाहिली;
मीटरमागे दहा हजार व्होल्ट वाढतात उगाच.
तेल जुनं धरलं, कागद ओला धरला,
वीज मोठी केली, आणखी मोठी,
एवढी की त्या मोसमात कुणी पाहिली नव्हती.
तरी स्क्रीनवरचा ट्रान्सफॉर्मर
शहाण्या मुलासारखा उभाच.

मग ओबोथच्या मोटरसायकलवर मागे बसून
दोन तास तांबडी धूळ.
पाचवा ट्रान्सफॉर्मर खांबावर नवाकोरा,
टाकीवरचा रंगही अजून चिकट.
ओबोथ वर पाहत नव्हता.
अर्थिंगच्या तारेवर बोट ठेवून
तो वरून खाली येत राहिला,
आणि छातीच्या उंचीवर
बोट थांबलं.

कापलेलं टोक स्वच्छ होतं.
खाली मातीत रॉड होता, एकटाच,
कुणाशीच न बोलणारा.

दवाखान्याच्या मागे
न्याकेचो नर्सचा हिरवा गणवेश वाळत होता.
गेल्या खेपेला फ्रीज बंद पडून
लसींचे तीन खोके तिनेच पुरले होते.
वाळत घालायची तार तांब्याची होती,
सात पदरांची.
तीच का, हे कुणी विचारलं नाही.
न्याकेचोने चहा दिला. साखर जास्त.

रात्री अपोलोटने फाईल उघडली.
चाळिसाव्या ओळीत तिच्याच हाताने लिहिलेलं:
जमिनीचा रोध, दहा ओहम.
कुठून आले हे दहा?
पुस्तकातून. पुस्तकात कुणाला कपडे वाळत घालायचे नसतात.
तिने दहा पुसले, ओळ तोडली,
आणि वीज सोडली, अगदी साधी,
तिथे दर गुरुवारी पडेल अशी.
बाविसाव्या मायक्रोसेकंदाला
पहिल्या वेढ्याशी कागद फाटला.
पहिल्यांदाच तिचं उत्तर बरोबर आलं
आणि तिला ते नको होतं.

सकाळी ओबोथ म्हणाला, लोखंडी तार लाव.
गंजकी. डांबर फासलेली.
भंगारवालाही तिला हात लावत नाही.

लोखंडाचा रोध जास्त असतो,
ती म्हणाली, आकडा मनात मांडत.

जास्त असू दे, तो म्हणाला,
पण असू दे.