डाव्या हाताचा नियम

तीन दिवस किल्ला दिसला नाही.
नाका चंद्रवदनीच्या चौकातला सिग्नलसुद्धा
अंदाजानेच पाळायचा, अशी जानेवारी.

आणि आमची एस्टीम, अठ्ठ्याण्णव सालची,
तिच्या हीटरची मोटर गेलेली.
तशी दोन हिवाळे किरकिरतच होती.
डॅशबोर्डवर मूठ मारली की दचकून चालू व्हायची,
शेवटच्या बाकावरच्या पोरासारखी.
यंदा मुठीलाही दाद देईना.
काच आतून पांढरी. गाडी मी चालवते,
शेजारी मोरेश्वर, हातात माझ्या जुन्या परकराचं फडकं.
आधी माझ्यापुरतं भोक पुसतो, मग स्वतःपुरतं.
त्याचा उजवा डोळा पिकलाय, फेब्रुवारीची तारीख मिळालीय.
"धुकं आत आहे की बाहेर, गं?"
दोन्हीकडे, मी म्हणते.

कुशवाहा म्हणाला, मॅडम, सोमवार के पहले टाइम नहीं.
मग हजिऱ्याच्या कबाड्याकडून मोटर आणली, साडेसातशेला,
कापल्या गेलेल्या कुठल्यातरी एस्टीमची.
त्याने बॅटरीला तारा टेकवून दाखवल्या,
तर ती काउंटरवर टुणकन उडाली.

एकतीस वर्षं मी मुरारच्या शाळेत फिजिक्स शिकवलं.
फळ्यावर मोटर काढली दीडशे वेळा तरी:
चुंबक, चौकोनी वेटोळं, दोन्हीकडे ब्रश.
डावा हात पुढे, म्हणायची, अंगठा, तर्जनी, मधलं बोट,
तिन्ही एकमेकांना काटकोनात.
साठ डावे हात हवेत.
त्यात एखादा उजवा असायचाच.
खरा ब्रश मात्र कधी हातात धरला नव्हता.

समोरचा कप्पा रिकामा केला: विमा, पोरीचा जुना गॉगल,
मुरैन्याच्या गजकेचा डबा, एका कोपऱ्याला कुरतडलेला.
कप्पा दोन्ही बाजूंनी दाबून खाली उतरवला
आणि मी उताणी आत शिरले, पाय दाराबाहेर.
भदौरिया वहिनी दोनदा विचारून गेल्या, बरं नाही का.

फ्यूज शाबूत.
कपलरला बल्ब जोडला, तो पेटला.
म्हणजे वीज दारापर्यंत येऊन उभी,
आतून कुणी उठत नाही.

स्क्रू तीन. पहिला निमूट आला.
दुसऱ्याने दोन थेंब तेल घेतलं आणि एक शिवी.
तिसरा पार मागे, इंजिनच्या भिंतीला चिकटून.
मोरेश्वर टॉर्च धरतो, उजेड माझ्या नाकावर.
उजवा हात कोपरात अडला.
डावाच गेला.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट.
काटकोन नाही, काही नाही,
तिन्ही एका स्क्रूभोवती चाचपडत, पाव पाव वळसा.
हात उलटा, मी उलटी, सरळ फक्त गाडी.
आधी चांगला आवळलाच तो.
मग सुटला.

मोटर मांडीवर पडली.
तिच्या पिंजऱ्यात कडुलिंबाच्या काड्या, गजकेचे तीळ,
पीयूसीच्या कागदाचा भुसा, सीटचा फोम:
उंदराचा संसार, माणूस गावाला गेलेला.
ब्रश झिजून शितांएवढे उरलेले.
एक तळहातावर घेतला.
त्याचा काळा डाग अजून रेषांत आहे, साबणाला जात नाही.

नवी, म्हणजे दुसऱ्याची, बसवली. बटण फिरवलं.
पहिल्या फुंकरीला तंबाखूचा वास आला, मागून चाफ्याच्या अत्तराचा.
कुणीतरी लग्नाला चाललं असावं त्या गाडीतून.
आम्ही दोघं काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला निघालो,
उपाशीपोटी त्याचं रक्त द्यायला, कंपूपर्यंत.
फुलबागपर्यंत गारच हवा. मग इंजिन तापलं,
पायांत ऊब आली,
आणि काच खालून वर उघडत गेली.
एक सायकल, तिच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन,
कॅनवरचं नावसुद्धा वाचता आलं.

मोरेश्वर पुसतोच आहे.
आधी माझ्यापुरतं.

मी बटण चारवरून दोनवर आणलं.
"आता दिसतंय ना?" त्याने विचारलं.
दिसतंय, म्हटलं. जरा उजवीकडे पूस.